बास-बॅरिटोन ब्रिन टेर्वेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बास-बॅरिटोन आवाजाबद्दल विचारणारे बहुतेक जण दोन-तीन प्रश्नांतच ब्रिन टेर्वेल या वेल्श ऑपेरा गायकापाशी येतात. म्हणून त्याचीच कारकीर्द धरून उत्तरं दिली आहेत. आधी सोपे प्रश्न आहेत, मग अडचणीचे. तीच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या उत्तराचा क्रमांक दिला आहे.

१. बास-बॅरिटोन म्हणजे नेमका कुठला आवाज?

ऑपेरात पुरुषांचे आवाज ढोबळमानाने तीन: वरचा टेनॉर, मधला बॅरिटोन आणि खालचा बास. बास-बॅरिटोन हा शेवटच्या दोघांच्या मधला. बॅरिटोनचे वरचे स्वर त्याला झेपतात, आणि खालचे स्वर अस्सल बासइतके खोल नसले तरी भरीव लागतात.

पण आवाज किती खाली-वर जातो एवढ्यावर हे ठरत नाही. आवाजाचा रंग कसा आहे, त्याला वजन किती आहे, आणि न थकता दोन-तीन तास तो कुठल्या भागात फिरू शकतो, यावर ठरतं. जर्मन नाट्यगृहांत या वर्गवारीला ‘फाख’ म्हणतात. तिथे नोकरीला असलेल्या गायकाला कुठल्या भूमिका द्यायच्या हे त्याच्या फाखवरून ठरतं. मात्र या वर्गवारीला भरपूर अपवाद आहेत. ते प्रश्न १३ मध्ये.

२. आपल्या पट्टीच्या भाषेत सांगता येईल का?

येईल. काळी एक धरा, आपल्याकडे पुरुष गायकांत ती सर्रास असते. मग बास-बॅरिटोनचा रोजचा पल्ला साधारण मंद्र गंधारापासून तार गंधारापर्यंत, क्वचित तार मध्यमापर्यंत जातो. म्हणजे जेमतेम दोन सप्तकं. खर्जाचा रियाज करणाऱ्या आपल्या गायकांना हा पल्ला ऐकून काही विशेष वाटणार नाही.

फरक आहे तो कामाचा. मैफलीत गायक मंद्र गंधारावर निवांत विसावतो आणि सगळी मैफल त्याच्याबरोबर थांबते. ऑपेरात त्याच स्वरावर शब्द स्पष्ट म्हणायचे असतात, तेही समोरच्या खड्ड्यात ऐंशी-नव्वद वाद्यं चालू असताना आणि हातात मायक्रोफोन नसताना. आणि वरचा तार मध्यम एका तानेत चाटून जायचा नसतो, त्यावर पूर्ण जोरात उभं राहायचं असतं.

३. ब्रिन टेर्वेल कोण? स्पेलिंगमध्ये ‘एफ’ आहे, मग ‘टेर्फेल’ का नाही?

वेल्श भाषेत एकेरी ‘एफ’चा उच्चार ‘व’ होतो, म्हणून टेर्वेल. जन्म ९ नोव्हेंबर १९६५ चा, उत्तर वेल्समधल्या पांत ग्लास या खेड्यात, शेतकरी कुटुंबात. घरची भाषा वेल्श. पूर्ण नाव ब्रिन टेर्वेल जोन्स, पण डेल्म ब्रिन-जोन्स नावाचा एक वेल्श बॅरिटोन आधीपासून गात होता. गोंधळ नको म्हणून याने ‘जोन्स’ गाळलं.

२०१७ मध्ये त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. ६ मे २०२३ रोजी राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकात तो वेल्श भाषेत गायला. टीव्हीवर तो सोहळा पाहिलेल्या अनेकांनी त्याला तेव्हा नकळत ऐकलं आहे.

४. खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा ऑपेरापर्यंत पोहोचला कसा?

हा प्रश्न जरा उलटा आहे. वेल्सच्या खेड्यात वाढल्यामुळेच तो पोहोचला, असं मला वाटतं. तिथे ‘आयस्टेडव्हॉड’ नावाच्या स्पर्धा असतात. गाणं, कविता, वादन, पाठांतर, सगळं त्यात येतं. त्या शाळकरी पातळीपासून राष्ट्रीय पातळीपर्यंत चालतात, आणि राष्ट्रीय आयस्टेडव्हॉडचा सगळा व्यवहार वेल्शमधून होतो. टेर्वेल लहानपणापासून या स्पर्धांत गायला आणि जिंकत आला. परीक्षकांसमोर, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, आपल्या भाषेत, प्रत्येक शब्द कळेल असं गाण्याची सवय त्याला संगीतशाळेत जाण्याआधीच लागली होती. पुढे जर्मन किंवा इटालियन गातानाही त्याचे शब्द वाक्यासारखे उभे राहतात. ती शिस्त इथली आहे.

१९८४ मध्ये तो लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये दाखल झाला. आधी आर्थर रेकलेस आणि नंतर रुडॉल्फ पिएर्ने हे त्याचे शिक्षक. १९८८ मध्ये त्याला कॅथलीन फेरिअर पारितोषिक मिळालं, आणि १९८९ मध्ये शिक्षण पूर्ण झालं.

५. १९८९ च्या कार्डिफच्या स्पर्धेत तो हरला होता ना?

मुख्य पारितोषिक त्याला मिळालं नाही, हे खरं. ‘कार्डिफ सिंगर ऑफ द वर्ल्ड’ ही १९८३ पासून दर दोन वर्षांनी होणारी स्पर्धा. त्या वर्षी सायबेरियातून आलेला बॅरिटोन दिमित्री ख्वोरोस्तोव्स्की जिंकला. टेर्वेलला गीतगायनाचं वेगळं पारितोषिक मिळालं. वर्तमानपत्रांनी याला ‘बॅरिटोनांची लढाई’ असं नाव दिलं आणि ते आजतागायत चिकटलं आहे.

त्या लढाईत माझं मन रमत नाही. दोघांचे आवाज मुळातच वेगळे होते. ख्वोरोस्तोव्स्कीचा श्वास अफाट लांब, ओळ रेशमासारखी, आणि इटालियन संगीतकार व्हर्डी हे त्याचं घर. टेर्वेलचा आवाज अधिक गडद, अधिक खरबरीत आणि शब्दाला धावून जाणारा. दोघांनाही पुढे जगभर काम मिळालं. ख्वोरोस्तोव्स्की २०१७ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, मेंदूच्या गाठीने गेला.

६. सुरुवातीच्या दहा वर्षांत तो काय गायला?

मुख्यतः मोत्सार्ट. १९९० मध्ये वेल्श नॅशनल ऑपेरात ‘कोझी फान तुत्ते’मधला गुल्येल्मो ही त्याची पहिली भूमिका. १९९१ मध्ये इंग्लिश नॅशनल ऑपेरात ‘फिगारो’चा नायक फिगारो, आणि १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात (थोडक्यात ‘मेट’) पदार्पण, तेही फिगारोच्याच भूमिकेत. मध्ये १९९२ मध्ये साल्झबर्ग महोत्सवात श्ट्राउसच्या ‘सालोमे’मधला संदेष्टा योखानान. ती उडी मात्र मोठी होती, आणि तिथूनच युरोपातल्या मोठ्या नाट्यगृहांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

या काळाची सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे ‘डॉन जोव्हानी’. या एका ऑपेरात तो तीन वेगवेगळ्या भूमिका गायला आहे. १९९२ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन या ऑपेरागृहातलं पदार्पण मासेत्तोचं, म्हणजे ज्याच्या नवरीवर डॉनचा डोळा आहे त्या खेडुताचं. मग लेपोरेल्लो, डॉनचा नोकर. आणि शेवटी स्वतः डॉन. नोकर आणि मालक दोघंही एकाच गायकाला गाता येतात, कारण मोत्सार्टने दोघांना जवळजवळ एकाच उंचीवर लिहिलं आहे. त्याला कथेतही कारण आहे. दुसऱ्या अंकात मालक-नोकर कपडे बदलतात आणि अंधारात डॉनने सोडलेली एल्विरा नोकरालाच डॉन समजते. आवाज फार वेगळे असते तर हा डाव प्रेक्षकांना पटला नसता. टेर्वेलचा लेपोरेल्लो वाद्यवृंद-संचालक आबादोच्या ध्वनिमुद्रणात आहे आणि डॉन संचालक सोल्टीच्या. एकामागून एक ऐकलेत तर एकच गळा दोन सामाजिक थरांतून कसा बोलतो, ते कळेल.

७. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

जर्मन संगीतकार वाग्नरपासून करू नका. ‘फिगारो’मधलं पहिल्या अंकाच्या शेवटचं गाणं ऐका, जेमतेम चार मिनिटांचं आहे. मग लेपोरेल्लोची यादी, ज्यात तो मालकाच्या प्रेयसींची देशवार मोजदाद करतो. ऑपेरा नको असेल तर १९९५ चा ‘द व्हॅगाबाँड’ हा इंग्रजी गीतांचा अल्बम घ्या, पियानोवर माल्कम मार्टिनो. मोठ्या आवाजाचा माणूस हळू गातो तेव्हा काय होतं, हे त्यात सगळ्यात चांगलं ऐकू येतं. चेहरा आणि अंग पाहायचं असेल तर मेटच्या ‘रिंग’चं चित्रीकरण आहे (प्रश्न ८). मुंबईत एनसीपीएमध्ये मेटचे प्रयोग मोठ्या पडद्यावर दाखवले जातात, तिकडेही लक्ष ठेवा.

८. एवढा आवाज होता, मग वोटान गायला चाळिशी का उजाडावी लागली?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, आणि बास-बॅरिटोनची कारकीर्द यातच कळते.

वोटान हा वाग्नरच्या ‘रिंग’ या चार ऑपेरांच्या मालिकेतला देवांचा राजा. चारपैकी तीन ऑपेरांत तो आहे. पहिला, ‘दास राइनगोल्ड’, अडीच तासांचा आणि मध्यंतराशिवाय. दुसरा, ‘दी वाल्क्यूरे’, हा खरा कस. दुसऱ्या अंकात वोटानचं लांबलचक स्वगतासारखं निवेदन येतं, बरंचसं खालच्या, दबलेल्या आवाजात. तिसऱ्या अंकात तो आधी संतापाने ओरडत येतो आणि शेवटी मुलीचा निरोप घेतो. हा निरोप प्रयोग सुरू होऊन चार-साडेचार तास उलटल्यावर येतो आणि तो सगळ्यात सुंदर गावा लागतो. खड्ड्यात सहा हार्प, आठ हॉर्न आणि शंभरएक वादक.

खालचे आवाज उशिरा पिकतात. स्वरयंत्राच्या कूर्चा वयाबरोबर हळूहळू कडक होत जातात, श्वासाचा आधार पक्का होतो. तिशीत वोटान गाता येतो का? येतो. पण त्याची किंमत पुढच्या दहा वर्षांत मोजावी लागते. आवाज थरथरू लागतो, मधला भाग पोकळ होतो. एकदा वोटान चांगला गायला की जगातलं प्रत्येक नाट्यगृह तोच मागतं, आणि मोत्सार्ट हातातून सुटतो.

टेर्वेलने मोत्सार्टनंतर व्हर्डीच्या ‘फॉल्स्टाफ’ची नायकाची भूमिका घेतली. डिसेंबर १९९९ मध्ये कॉव्हेंट गार्डनचं नूतनीकरण होऊन ते पुन्हा उघडलं ते त्याच्याच फॉल्स्टाफने. पहिला वोटान तिथेच, डिसेंबर २००४ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी. दुसरा भाग २००५ मध्ये. सप्टेंबर २०१० मध्ये मेटच्या रॉबेर लपाज दिग्दर्शित ‘राइनगोल्ड’मध्ये तो पुन्हा वोटान होता, सुमारे ४५ टनांच्या फिरत्या फळ्यांच्या यंत्रावर. त्या यंत्राची चर्चा गाण्यापेक्षा जास्त झाली, हे दुर्दैव.

९. मायक्रोफोनशिवाय शंभर वाद्यांवरून आवाज कसा ऐकू येतो?

जोर लावून नाही. ताकदीत वाद्यवृंदाला कोणीच हरवू शकत नाही. वाद्यवृंदाची सर्वाधिक ऊर्जा साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असते आणि त्यावर ती झपाट्याने कमी होत जाते. तालीम झालेला गायक घशाचा खालचा भाग असा घडवतो की त्याच्या आवाजात २,५०० ते ३,००० हर्ट्झच्या पट्ट्यात एक जादा उंचवटा तयार होतो. योहान सुंडबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे मोजून दाखवलं. वाद्यवृंद तिथे पातळ असतो आणि आपला कान तिथे तीक्ष्ण असतो. वरातीतल्या ढोल-ताशांतूनही सनई वेगळी ऐकू येते, तसंच.

आपल्याकडे ध्वनिवर्धक येण्याआधी संगीत नाटकातल्या नटांनी पट्टी उंच ठेवून शेवटच्या रांगेपर्यंत गाणं पोहोचवलं. बास-बॅरिटोनला पट्टी वर नेता येत नाही, ती संगीतकाराने कागदावर बांधलेली असते. म्हणून त्याला ही दुसरी वाट काढावी लागते.

१०. वाग्नरच्याच ‘माइस्टरझिंगर’मधला हान्स झाक्स वोटानपेक्षाही अवघड म्हणतात. खरं का?

लांबीने नक्कीच. साडेचार तासांच्या आसपासचं संगीत, त्यातला तिसरा अंकच दोन तासांचा, आणि त्यात झाक्स जवळजवळ सतत रंगमंचावर. देवासारखं गर्जायचंही नाही. हा न्यूरेंबर्गचा एक चांभार आहे, त्याला बोलल्यासारखं गावं लागतं. टेर्वेलने तो २०१० मध्ये कार्डिफला, आपल्याच वेल्श नॅशनल ऑपेरात पहिल्यांदा गायला. माझ्या मते त्याची सर्वोत्तम भूमिका हीच, वोटान दुसऱ्या नंबरवर.

११. २००७ मध्ये त्याने ‘रिंग’ ऐन वेळी सोडली, ते प्रकरण काय?

त्या वर्षी कॉव्हेंट गार्डनने चारही भागांची संपूर्ण फेरी लावली होती. तिकिटं कधीच संपली होती, आणि बऱ्याच जणांनी ती टेर्वेलसाठी काढली होती. प्रयोग तोंडावर आले असताना त्याने माघार घेतली. लहान मुलाच्या बोटाला गंभीर दुखापत होऊन शस्त्रक्रिया करावी लागणार होती आणि त्याला घरी थांबायचं होतं. त्याच्या जागी जॉन टॉमलिन्सन उभा राहिला, जो स्वतः अनेक वर्षांचा कसलेला वोटान होता.

टीका खूप झाली. बाप म्हणून बरोबर, कलाकार म्हणून चूक, असा सूर होता. मला ती विभागणी पटत नाही. तालमींसह कित्येक आठवडे घरापासून दूर राहण्याचा हा धंदा आहे. त्यात माणूस कधीतरी घरी थांबणारच. तिकिटं काढून बसलेल्यांचा राग मात्र समजू शकतो.

१२. गायक आजारी पडला तर मानधन मिळतं का?

पाहुण्या कलाकाराला मानधन प्रयोगागणिक असतं. गायला नाही तर सहसा मिळत नाही. तालमींचे आठवडे त्यातच धरलेले असतात. म्हणूनच सर्दी झालेली असतानाही गायक उभे राहतात आणि पडदा उघडण्याआधी कोणीतरी येऊन प्रेक्षकांकडे सांभाळून घेण्याची विनंती करतं. मोठ्या नाट्यगृहांत प्रत्येक मुख्य भूमिकेसाठी एक पर्यायी गायक तयार ठेवतात. प्रयोगाच्या वेळी तो हाकेच्या अंतरावर असतो.

टेर्वेलच्या बाबतीत हे नंतरही घडलं. २०१७ मध्ये घशाच्या थकव्यामुळे त्याने मेटच्या नव्या ‘तोस्का’तून माघार घेतली. २०२० मध्ये पडून घोटा मोडला आणि मेटचाच ‘फ्लाइंग डचमन’ हुकला. तिथे तो परतला थेट जानेवारी २०२५ मध्ये, ‘तोस्का’मधला स्कार्पिया म्हणून. हा पोलीसप्रमुख दुसऱ्या अंकातच मारला जातो. एकूण गाणं वोटानच्या तुलनेत थोडं आहे, पण प्रत्येक वाक्य विषारी. साठीच्या उंबरठ्यावरच्या बास-बॅरिटोनसाठी हिशेबाने निवडलेली भूमिका.

१३. एका ठिकाणी त्याला बॅरिटोन म्हटलंय, दुसरीकडे बास. नेमकं काय?

दोन्ही ठिकाणी भूमिकेचं वर्णन असणार. फॉल्स्टाफ आणि स्कार्पिया कागदावर बॅरिटोन आहेत. रशियन संगीतकार मुसोर्ग्स्कीचा बोरिस गोदुनोव्ह परंपरेने बासचा, आणि तो टेर्वेलने २०१६ मध्ये कॉव्हेंट गार्डनला गायला. वोटानसमोर वाग्नरने चक्क ‘उंच बास’ असं लिहिलं आहे. आज त्याच भूमिकेच्या जाहिरातीत बास-बॅरिटोन छापतात.

म्हणजे हा आवाज दोन्हीकडे ये-जा करतो आणि त्यातच त्याचा धोका आहे. सगळं थोडंथोडं जमतं म्हणून सगळंच मागितलं जातं. बोरिसमध्ये अस्सल रशियन बासचा काळोख टेर्वेलकडे नव्हता, हे मान्य करायला हवं. त्याने ती उणीव अभिनयाने आणि शब्दांनी भरून काढली.

१४. ऑपेरा गायकाने ‘स्वीनी टॉड’सारखं म्युझिकल का करावं?

कारण संगीतकार सॉन्डहाइमने तो गळे कापणारा न्हावी याच जातीच्या आवाजाला शोभेल असा लिहिला आहे. टेर्वेलने तो २००२ मध्ये शिकागोच्या लिरिक ऑपेरात, २०१४ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर अभिनेत्री एमा थॉम्प्सनसमवेत, आणि पुढच्या वर्षी लंडनला केला. म्युझिकलमध्ये मायक्रोफोन असतो, त्यामुळे प्रश्न ९ मधली कसरत बरीच सैल होते. उलट अडचण अशी की ऑपेराचा घडवलेला आवाज मायक्रोफोनवर फुगीर ऐकू येतो. तो आवरून बोलीभाषेत आणावा लागतो. हे सगळ्यांना जमत नाही. कित्येक थोर गायकांची असली ध्वनिमुद्रणं ऐकवत नाहीत.

१५. बास-बॅरिटोन किती वयापर्यंत गाऊ शकतो?

टेनॉरपेक्षा साधारणपणे जास्त. जर्मन गायक हान्स हॉटर (१९०९–२००३) हा विसाव्या शतकातला आदर्श वोटान मानला जातो. साठीनंतर त्याने ती भूमिका ठेवून दिली, पण छोट्या आणि निवेदकाच्या भूमिका तो ऐंशी ओलांडल्यावरही करत होता.

दुसऱ्या टोकाला जॉर्ज लंडन. जन्म १९२० चा, मॉन्ट्रियलचा. १९६० मध्ये मॉस्कोच्या बोल्शोईत बोरिस गाणारा पहिला उत्तर अमेरिकन. सात वर्षांत एका स्वरतंतूच्या पक्षाघाताने त्याचं गाणं थांबलं, पन्नाशीच्या आत. पुढे तो ऑपेरा संस्था चालवू लागला आणि १९७५ मध्ये सिएटलची ‘रिंग’ त्याने दिग्दर्शित केली.

१६. मुलाचा आवाज खालचा आहे. मुंबई-पुण्यात किंवा गोव्यात हे शिकता येईल का?

सुरुवात करता येईल. गोव्यात चर्चमधल्या समूहगानाची जुनी परंपरा आहे आणि पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो (स्त्रियांचा वरचा आवाज) पॅट्रिशिया रोझारिओ टेर्वेलच्याच गिल्डहॉलमध्ये शिकल्या. त्या ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ या उपक्रमातून इथल्या तरुण गायकांना शिकवत आल्या आहेत. २०१६ मध्ये मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस पुन्हा उघडलं तेव्हा पहिला कार्यक्रम त्यांचाच होता.

एक मात्र सांभाळा. आवाज फुटल्यावर लगेच ‘हा बास-बॅरिटोन’ असा शिक्का मारू नका. अठराव्या वर्षी खालचा वाटणारा मुलगा पंचविशीत बॅरिटोन निघतो. खाली दाबून, घसा जड करून गाणं हा या वयातला सगळ्यात सर्रास होणारा प्रमाद. आणि जर्मन, इटालियन आजपासून सुरू करा. ते गाण्याइतकंच वेळखाऊ आहे.

१७. हिंदुस्तानी शास्त्रीय शिकलेल्याला याचा फायदा होतो की तोटा?

कानाला फायदा, श्वासालाही. घशाच्या ठेवणीत मात्र दोन वाटा वेगळ्या आहेत. आपल्याकडे स्वर पुढे, उघडा आणि बोलण्याच्या जवळचा. तिकडे घशात जागा करून गोल केलेला (कारण प्रश्न ९ मध्ये). दोन्ही एकाच दिवशी रियाजात घेऊ नयेत, असं दोन्हीकडचे शिक्षक सांगतात.

१८. बास-बॅरिटोन पुढे टेनॉर होऊ शकतो का?

बास-बॅरिटोनचा टेनॉर झालेला सहसा आढळणार नाही. बॅरिटोनचे टेनॉर मात्र झाले आहेत. चिलीचा रामोन विनाय बॅरिटोन म्हणून सुरू झाला, टेनॉर होऊन वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनीच्या हाताखाली १९४७ मध्ये ओतेल्लो गायला, आणि १९६० च्या दशकात पुन्हा बॅरिटोनच्या भूमिकांकडे वळला. उलट दिशेचं उदाहरण तुम्हाला माहीतच असेल: टेनॉर प्लासिदो डोमिंगोने २००९ पासून बॅरिटोनच्या भूमिका घेतल्या. त्या ऐकल्यावर मात्र अनेकांचं मत असंच पडलं की हा खालच्या जागा गाणारा टेनॉरच आहे. माझंही तेच आहे.